चिठ्ठ्यांच्या मोसमातला विजेता

1984-85च्या मोसमात इटलीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे सेरी एमध्ये, रेफरी चिठ्ठ्या टाकून निवडले गेले. त्याआधी कोणत्या सामन्याला कोण रेफरी जाणार, हे नेमणुका करणारा अधिकारी ठरवत असे. त्या एका मोसमापुरतं ते काम पूर्णपणे सोडतीकडे गेलं. आणि त्याच मोसमात विजेतेपद गेलं व्हेरोनाला. मिलान, तुरीन, रोम या महानगरांपुढे जेमतेम अडीच लाखांहून थोड्या जास्त वस्तीचं हे शहर. रोमन काळातलं लंबवर्तुळाकार पायऱ्यांचं रंगस्थळ, उन्हाळ्यात तिथे होणारे ऑपेरा आणि शेक्सपिअरची ज्युलिएट एवढ्यासाठीच जगाला ठाऊक असलेलं. पुढच्या मोसमात संपूर्ण सोडत बंद झाली. त्यानंतर आजपर्यंत व्हेरोनाच्या आकाराच्या एकाही शहराने इटलीची लीग जिंकलेली नाही.

या तीन गोष्टी एकापुढे एक मांडल्या की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो. इटलीत गेली चाळीस वर्षं तो ऐकू येतो: चिठ्ठ्या होत्या म्हणून व्हेरोना जिंकलं. मोठ्या क्लबांवर ज्यांचा राग आहे त्यांना हे वाक्य प्रिय आहे, कारण बाकीच्या सगळ्या वर्षांचा हिशोब त्यात चुकता होतो. पण या वाक्याने सर्वांत मोठा अन्याय होतो तो व्हेरोनावरच. तीन वर्षं खपून उभा केलेला एक उत्तम संघ त्यात नुसता नशीबवान ठरतो.

सोडतीची पाळी का आली, हे आधी पाहायला हवं. मार्च 1980मध्ये इटलीतल्या अनेक मैदानांवर पोलिसांच्या गाड्या आल्या आणि सामने संपताच खेळाडूंना अटक झाली. बेकायदा सट्ट्यासाठी सामने ठरवून खेळल्याचं ते प्रकरण होतं. मिलान आणि लात्सिओ या दोन क्लबांना शिक्षा म्हणून खालच्या विभागात ढकललं गेलं. पाओलो रॉसीवर दोन वर्षांची बंदी आली. ती संपल्यावर त्याने 1982चा विश्वचषक इटलीला जिंकून दिला, म्हणून त्याची कथा सर्वांना माहीत आहे. पण देशातल्या प्रेक्षकाच्या मनात शिरलेला संशय त्या विश्वचषकाने गेला नाही.

तो वाढवणाऱ्या घटना घडतच होत्या. मे 1981मध्ये तुरीनला युव्हेंटस आणि रोमा यांच्यात विजेतेपद ठरवणारा सामना झाला. रोमाच्या तुरोनेने हेडरने मारलेला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, सामना गोलशून्य सुटला आणि लीग युव्हेंटसने जिंकली. रोममध्ये त्या गोलाबद्दलचा वाद आजही तितक्याच तावातावाने होतो. पुढच्याच वर्षी शेवटच्या दिवशी युव्हेंटस आणि फिओरेंटिना समान गुणांवर होते. काल्यारीला फिओरेंटिनाचा एक गोल रद्द झाला. तिकडे कातान्झारोला युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि लिअम ब्रॅडीने ती गोलात घातली. एका गुणाने पुन्हा युव्हेंटस. लाच दिल्याचा पुरावा कोणी आणला नव्हता. लोकांचं म्हणणं वेगळं होतं: बलाढ्य क्लबासमोर उभा असलेला रेफरी मनातून दबलेला असतो, आणि शंकेचा फायदा नेहमी एकाच बाजूला जातो. हा आरोप सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. चिठ्ठ्या टाकणं हे त्यावर शोधलेलं उत्तर होतं.

व्हेरोनाची गोष्ट मात्र या सगळ्याशी संबंध नसलेल्या एका माणसापासून सुरू होते.

ओस्वाल्दो बान्योली हे मिलानच्या बोविझा या कारखान्यांच्या वस्तीत 1935 साली जन्मलेले. मिलान क्लबाकडून ते 1957च्या विजेत्या संघात होते, पण खेळाडू म्हणून त्यांचं बहुतेक आयुष्य छोट्या क्लबांत गेलं. प्रशिक्षक झाल्यावरही तेच: सोल्बियातेसे, कोमो, रिमिनी, फानो, चेझेना. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर विशेष काही नाही, बोलणं कमी. नामवंत क्रीडा पत्रकार जान्नी ब्रेरा त्यांना शोपेनहावर म्हणत; त्या जर्मन तत्त्वज्ञाची उदास गंभीरता त्यांना बान्योलींत दिसे. 1981मध्ये ते व्हेरोनाला आले तेव्हा संघ दुसऱ्या विभागात होता. पहिल्याच मोसमात त्यांनी दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवून संघ वर आणला. वर आल्यावर पहिल्या वर्षी चौथा क्रमांक. त्याच मोसमात इटालियन चषकाची अंतिम फेरी, जिथे घरी 2-0 जिंकूनही तुरीनला जादा वेळेत 3-0 असा पराभव झाला. पुढच्या वर्षी सहावा क्रमांक आणि पुन्हा त्याच चषकाची अंतिम फेरी, या वेळी रोमाकडून हार. या दोन वर्षांत चिठ्ठ्या नव्हत्या. रेफरी नेहमीच्या पद्धतीने नेमले जात होते, आणि व्हेरोना तेव्हाही इटलीतल्या पहिल्या सहांत होतं.

हा संघ इतरांनी सोडून दिलेल्या खेळाडूंचा होता. क्लबाचे क्रीडा संचालक एमिलियानो माशेत्ती स्वतः व्हेरोनाकडून खेळलेले होते, आणि खिशात फारसे पैसे नसताना बाजारात काय शोधायचं याची त्यांना नजर होती. पिएत्रो फान्ना युव्हेंटसमध्ये पाच वर्षं होता. उजव्या बाजूने त्याच्यासारखा धावणारा दुसरा नव्हता, पण तिथे त्याची जागा कधी पक्की झाली नाही. जुझेप्पे गाल्देरीसी, सगळे त्याला नानू म्हणत, अंगकाठीने लहान आणि वयानेही. युव्हेंटसने त्यालाही जाऊ दिलं. सर्वांच्या मागे मोकळा राहून खेळ वाचणारा लिबेरो रोबेर्तो त्रिचेल्ला इंटरच्या तरुण संघात वाढलेला. व्हेरोनात तो कर्णधार झाला. मधल्या फळीत खेळाची सूत्रं होती आंतोनियो दी जेन्नारोकडे, फिओरेंटिनातून आलेला. दोमेनिको वोल्पाती तिशी ओलांडलेला, बान्योली सांगतील त्या जागी खेळणारा.

आणि गोलरक्षक क्लाउदिओ गारेल्ला. लात्सिओत असताना त्याच्या चुका इतक्या गाजल्या होत्या की गोलरक्षकाच्या ढोबळ चुकीला त्याचंच नाव पडलं होतं. उंच, धिप्पाड, आणि शैली कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात न बसणारी. चेंडू हाताने धरण्यापेक्षा पाय, गुडघा, नडगी, जे पुढे येईल त्याने अडवायचा. तो कसा अडवतो याच्याशी बान्योलींना कर्तव्य नव्हतं. अडवतो, एवढं पुरे होतं. एखाद्या प्रशिक्षकाची पारख खेळाडूचे दोष सुधारण्यात दिसते, तशी ते दोष तसेच ठेवून त्याला उपयोगात आणण्यातही दिसते. गारेल्लाच्या बाबतीत दुसरी गोष्ट झाली.

1984च्या उन्हाळ्यात इटलीत जे घडलं तसं फुटबॉलच्या बाजारात आधी क्वचितच घडलं होतं. 1966च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यानंतर इटलीने परदेशी खेळाडूंना दारं बंद केली होती. ती 1980मध्ये उघडली: आधी प्रत्येक क्लबाला एक परदेशी, मग दोन. चार वर्षांत जगातले जवळजवळ सगळे मोठे खेळाडू या एका देशात आले. युव्हेंटसकडे प्लॅटिनी होता, उदिनेसेकडे झिको, रोमाकडे फाल्काव. त्या उन्हाळ्यात फिओरेंटिनाने सॉक्रेटिसला आणलं, इंटरने रुमेनिगेला, तोरिनोने ज्युनिअरला, सॅम्पदोरियाने सूनेसला. 5 जुलैला नापोलीच्या सान पाओलो मैदानावर हजारो लोक तिकीट काढून आले ते फक्त दिएगो मॅराडोनाला मैदानावर उभं राहिलेलं पाहायला.

व्हेरोनाने दोघांना घेतलं. हान्स-पीटर ब्रीगेल, कैझर्सलाउटर्नचा जर्मन बचावपटू, तरुणपणी डेकॅथलॉन केलेला, आडव्या हाडाचा. दुसरा प्रेबेन एल्कियेर, बेल्जियमच्या लोकेरेन क्लबातून आलेला डॅनिश आघाडीवीर. जूनमध्येच युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध त्याची पेनल्टी गोलपट्टीवरून गेली होती आणि डेन्मार्क बाहेर पडलं होतं. याआधी व्हेरोनाने आणलेल्या परदेशी खेळाडूंत ब्राझीलचा दिर्सेऊ वर्षभर राहून गेला होता आणि स्कॉटलंडचा जो जॉर्डन फारसं काही करू शकला नव्हता. त्यामुळे या दोन नावांनी इटलीत कोणाची झोप उडाली नाही. बान्योलींनी ब्रीगेलला बचावातून पुढे काढून मधल्या फळीत डावीकडे खेळवलं. एवढ्या ताकदीचा, एवढ्या दमाचा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या गोलपर्यंत पळत जाऊ लागला तर त्याला रोखायचं कोणी, याचं उत्तर मोसमभर कोणाला सापडलं नाही. त्याने लीगमध्ये 9 गोल केले.

सामन्यांच्या वेळापत्रकाने पहिल्याच दिवशी मॅराडोनाला व्हेरोनात आणलं. 16 सप्टेंबर 1984, बेंतेगोदी मैदान. इटलीच्या लीगमधला त्याचा हा पहिला सामना. बान्योलींनी ब्रीगेलला त्याच्यावर सोडलं. ब्रीगेलने मॅराडोनाला तर बांधून ठेवलंच, पण वर पहिला गोलही केला. मग गाल्देरीसी आणि दी जेन्नारो. नापोलीकडून एकट्या बेर्तोनीचा. 3-1. त्या दुपारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हेरोनाच्या उग्र समर्थकांनी दक्षिणेतून आलेल्या नापोलीच्या लोकांसाठी ‘इटलीत स्वागत’ असं लिहिलेला फलक धरला होता, जणू नेपल्स हे इटलीत नाहीच. उत्तरेचा दक्षिणेबद्दलचा तिरस्कार मॅराडोनाने तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, आणि पुढे आत्मचरित्रात त्याने त्याबद्दल लिहिलं. व्हेरोनाच्या त्या वर्षावर प्रेम करणाऱ्यालाही हा डाग झाकता येत नाही, आणि झाकूही नये.

14 ऑक्टोबरला युव्हेंटस आलं. व्हेरोना आघाडीवर असताना एल्कियेर डावीकडून चेंडू घेऊन सुटला. स्तेफानो पिओलीने, जो पुढे प्रशिक्षक म्हणून मिलानला विजेतेपद मिळवून देणार होता, त्याला आडवं येऊन रोखायचा प्रयत्न केला. त्या झटापटीत एल्कियेरच्या उजव्या पायातला बूट निघाला. तो थांबला नाही. आत वळला आणि त्याच मोजा घातलेल्या पायाने चेंडू जाळ्यात मारला. 2-0. वर्तमानपत्रांना सिंड्रेला आठवली नसती तरच नवल.

त्या दिवसापासून व्हेरोना हा गंभीर विषय झाला. पहिल्या फेरीपासून हा संघ गुणतक्त्यावर वर होता, कधी दुसऱ्या कोणाच्या सोबतीने, पण बहुतेक वेळ एकटा. खेळात चमचमाट नव्हता. फोंतोलान आणि फेर्रोनी प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीवीरांना चिकटून राहायचे, त्रिचेल्ला मागे उरलेलं साफ करायचा, मग चेंडू दी जेन्नारोकडे, तिथून फान्ना किंवा एल्कियेरच्या धावेला. चार-पाच पासांत चेंडू समोरच्या गोलपाशी. विजयाला दोन गुण असण्याच्या त्या काळात बाहेरच्या मैदानावर बरोबरी ही कमाई मानली जायची, आणि बान्योली ती कमाई गाठीशी बांधत गेले. 30 सामन्यांत 13 बरोबऱ्या. हा आकडा आजच्या वाचकाला कंटाळवाणा वाटेल. त्यावेळच्या गणितात तो शहाणपणाचा होता.

पहिला पराभव यायला जानेवारी उजाडला. अवेलिनोत 2-1. इंटर जवळ येऊन ठेपलं आणि छोट्या संघाचा दम आता संपणार, अशी सगळ्यांनी वाट पाहायला सुरुवात केली. फेब्रुवारीत उदिनेला तो क्षण आल्यासारखा वाटला. व्हेरोनाने पहिल्या टप्प्यातच तीन गोलांची आघाडी घेतली होती. उदिनेसेने एकेक करत तिन्ही फेडले. 3-3. अशा ठिकाणी बचावात जाऊन एक गुण घेऊन परतणारे संघ असंख्य असतात. व्हेरोनाने आणखी दोन गोल केले आणि सामना 5-3 जिंकला. मोसमाची दिशा या दुपारी ठरली असं व्हेरोनाचे लोक मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे. त्यानंतर पुढे एकच पराभव झाला, एप्रिलमध्ये, घरच्या मैदानावर, तोरिनोकडून. दुसऱ्या क्रमांकावर तोरिनोच होतं. तरी तोपर्यंत अंतर पुरेसं पडलं होतं.

12 मे 1985ला बेर्गामोत अतलांताविरुद्ध एक गुण हवा होता. व्हेरोनाहून हजारोंनी लोक गाड्यांनी, बसने, रेल्वेने आले होते. पेरिकोने अतलांताला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात एल्कियेरने बरोबरी साधली आणि उरलेला वेळ व्हेरोनाने निभावून नेला. एक सामना शिल्लक असताना लीग त्यांची झाली. त्या शेवटच्या सामन्यात अवेलिनोला घरी 4-2 हरवून हिशोब पूर्ण झाला: 15 विजय, 13 बरोबऱ्या, 2 पराभव, 43 गुण. केलेले गोल 42, खाल्लेले 19. तोरिनो 39, इंटर 38, सॅम्पदोरिया 37. 18 गोलांनी लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरलेला प्लॅटिनी ज्या युव्हेंटसकडे होता, ते सहावं. मॅराडोनाचं नापोली आठवं. सॉक्रेटिसची फिओरेंटिना नववी. एका वर्षात तो इटली सोडून गेला.

1929मध्ये सेरी ए एका गटात खेळायला सुरुवात झाल्यापासून विजेतेपद मिळवणारे बाकीचे सगळे क्लब प्रांतांच्या राजधान्यांतले आहेत: तुरीन, मिलान, बोलोन्या, रोम, फ्लॉरेन्स, काल्यारी, नेपल्स, जेनोआ. व्हेरोना ज्या प्रांतात आहे त्याची राजधानी व्हेनिस. या यादीत प्रांताची राजधानी नसलेलं शहर हे एकच.

आता चिठ्ठ्यांकडे परत येऊ. सोडतीचा व्हेरोनाला काहीच उपयोग झाला नाही, असं म्हणणंही प्रामाणिक होणार नाही. मोठ्या क्लबाच्या मैदानावर कुठला रेफरी जाईल याची कोणालाच खात्री नव्हती, आणि छोट्या संघाला जर आधी काही सोसावं लागत असेल तर त्या वर्षी ते कमी झालं असेल. पण सोडत सोळाही संघांसाठी होती. त्याच चिठ्ठ्यांत कोमोही होतं, अवेलिनोही, अतलांताही, आणि त्यातलं कोणी पहिल्या पाचांतही आलं नाही. रेफरीमुळे मिळणारा फायदा चिठ्ठ्यांनी काढून घेतला असं धरलं, तरी जे उरतं ते खेळाचं बळ. आणि 19 गोल खाणाऱ्या, दोनच सामने हरणाऱ्या संघाकडे ते सर्वांत जास्त होतं. ब्रीगेलला त्या वर्षी जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडलं गेलं, देशाबाहेर खेळत असताना हा मान मिळवणारा पहिला. एल्कियेर युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात प्लॅटिनीनंतर दुसरा आला. दी जेन्नारो, गाल्देरीसी आणि त्रिचेल्ला 1986च्या विश्वचषकाला इटलीच्या संघातून गेले. हे मतदान आणि ही निवड चिठ्ठ्यांनी झाली नव्हती.

व्हेरोनाचा आनंद मोसम संपल्यावर दहाच दिवसांत झाकोळला. 29 मेला ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या समर्थकांच्या हल्ल्यानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत 39 माणसं मेली, बहुतेक युव्हेंटसला पाठिंबा द्यायला आलेले इटालियन. त्या उन्हाळ्यात इटलीत फुटबॉलबद्दल बोलताना लोक बोलले ते याबद्दल. युव्हेंटसने तो चषक जिंकल्यामुळे पुढच्या युरोपीय स्पर्धेत इटलीचे दोन संघ आले, आणि दुसऱ्याच फेरीत व्हेरोनाची गाठ युव्हेंटसशी पडली. पहिला सामना 0-0. दुसरा तुरीनला, हेझेलच्या शिक्षेमुळे प्रेक्षकांविना. रिकाम्या मैदानात व्हेरोना 2-0 हरलं आणि रेफरीच्या निर्णयांवर बान्योली आणि त्यांचे खेळाडू उघडपणे संतापले. इथे चिठ्ठ्या नव्हत्या, हे त्यांनी लगेच लक्षात आणून दिलेलं कोणालाही समजण्यासारखं आहे.

संघ तोपर्यंत विखरू लागला होता. फान्ना आणि बचावपटू मारांगोन इंटरला गेले होते, गारेल्ला नापोलीला. दोन वर्षांनी मॅराडोनाच्या नापोलीने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा गोलमध्ये गारेल्ला होता. व्हेरोनाने 1988मध्ये युएफा चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि वेर्डर ब्रेमेनकडून हरलं. त्यानंतर पैसे आटले. 22 एप्रिल 1990ला विभागातून खाली पडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या व्हेरोनाने विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या मिलानला 2-1 हरवलं. 1973मध्येही शेवटच्या दिवशी मिलानचं विजेतेपद व्हेरोनाच्याच मैदानावर, 5-3 अशा निकालाने हुकलं होतं. 1990चा फायदा नापोलीला मिळाला. व्हेरोना स्वतः आठवडाभरात दुसऱ्या विभागात गेलं, आणि 1991मध्ये क्लब दिवाळखोरीत निघाला.

बान्योली 1990मध्येच जेनोआला गेले होते, इटलीतल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी एकाकडे, जो कित्येक वर्षं कुठेच नव्हता. पहिल्या मोसमात त्यांनी त्याला चौथ्या क्रमांकावर आणलं. मार्च 1992मध्ये, युएफा चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, पहिला सामना घरी 2-0 जिंकून जेनोआ लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर उतरलं आणि तिथेही 2-1 जिंकलं. ॲनफिल्डवर जिंकणारा तो पहिला इटालियन क्लब.